वाचकांचे प्रश्न: आयल्ट्सच्या रायटिंगमध्ये बँड नेमका कुठे अडतो?

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेबद्दल (तिच्यातल्या ९ पैकी गुणांना बँड म्हणतात) काही विचारायचं असेल तर कळवा, तर आलेल्या मेलमध्ये लिसनिंग-स्पीकिंगचे अगदी थोडे प्रश्न आणि बाकी सगळा गठ्ठा रायटिंगचा निघाला. म्हणून यावेळचं पान पूर्ण रायटिंगलाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं मुद्दाम टाकली नाहीयेत, आणि काही पत्रं बरीच कापावी लागली त्याबद्दल राग नसावा.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, जळगावचा. आयल्ट्स अ‍ॅकॅडेमिक दोनदा दिली. लिसनिंग ८, रीडिंग ७.५, स्पीकिंग ७ आणि रायटिंग दोन्ही वेळा ६. क्लासमध्ये निबंधाचा एक फॉरमॅट पाठ करून घेतलाय, तो मी तंतोतंत वापरतो. सर म्हणतात व्होकॅब अजून हाय-लेव्हल पाहिजे. सोबत माझा एक निबंध पाठवतोय. ७ साठी अजून काय करू?

आधी तो फॉरमॅट बाजूला ठेवा. ऐकायला कडक वाटेल, पण ८ आणि ७.५ मिळवणाऱ्या माणसाचं इंग्रजी कच्चं नसतं, तुमचा बँड त्या फॉरमॅटमुळेच अडलाय असं मला तुमचा निबंध वाचून वाटतंय आणि का वाटतंय ते जरा सविस्तर सांगते.

एक्झामिनर चार गोष्टी बघतो आणि चारींना सारखंच वजन, प्रत्येकी २५ टक्के. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलंय का, मुद्दे एकामागून एक नीट लागलेत का, शब्दांची निवड कशी आहे, आणि ग्रामर. म्हणजे तुमचे सर ज्या व्होकॅबवर एवढा जोर देतायत तो सगळा मिळून पाव भाग, आणि त्या पाव भागातही अवघड शब्दाला मार्क नसतात, योग्य जागी योग्य शब्द बसलाय का याला असतात. 'प्लेथोरा' आणि 'मिरिअड' हे दोन शब्द तर मला आता प्रत्येक दुसऱ्या निबंधात भेटतात, माझाच जीव मेटाकुटीला येतो, एक्झामिनरचं काय होत असेल.

बँडची वर्णनं आयल्ट्सच्या साइटवर फुकट मिळतात, ती प्रिंट काढून भिंतीला लावा. ६ च्या वर्णनाचा मथितार्थ असा की प्रश्नाच्या मुख्य भागांना हात घातलाय, पण एखादा भाग भरपूर आणि एखादा उरकून टाकल्यासारखा, मत आहे पण निष्कर्षापर्यंत येता येता ते धूसर होतं किंवा तेच तेच परत येतं. ७ ला मत पहिल्यापासून शेवटपर्यंत स्पष्ट लागतं आणि मुद्दे नुसते मांडून सोडलेले नाही तर पुढे नेलेले लागतात. आता हे डोक्यात ठेवून तुमचा निबंध बघू.

प्रश्न होता, शहराच्या मध्यवर्ती भागात खासगी गाड्यांवर बंदी घालावी, याच्याशी तुम्ही कितपत सहमत आहात. तुमचा पहिला पॅरा सुरू होतो 'इन धिस मॉडर्न एरा ऑफ ग्लोबलायझेशन' पासून, आणि त्यात गाड्यांचा पत्ताच नाही. तोच पॅरा ऑनलाइन शिक्षणाच्या निबंधाला लावला असता तरी चालला असता, आणि जे कशालाही चालतं ते पाठ केलेलं आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं, आणि पाठ केलेला मजकूर तुमच्या खात्यात धरला जात नाही. प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं तर तेही धरत नाहीत. दुसऱ्या पॅऱ्यात बंदीचे फायदे, तिसऱ्यात तोटे, आणि शेवटी प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात त्यामुळे सरकारने आणि नागरिकांनी मिळून विचार करावा. मग तुम्ही सहमत आहात की नाही? मी दोनदा वाचलं, मला सापडलं नाही.

हे आपल्याकडे शाळेपासून होतं. 'विज्ञान शाप की वरदान' आपण सगळ्यांनी लिहिलाय, त्यात दोन्ही बाजू सांगायच्या आणि शेवट गोड करायचा, ठाम मत घेतलं तर उलट आगाऊपणा वाटायचा. इथे मत विचारलंय तर मत द्यायचं. पूर्ण सहमत, पूर्ण असहमत, किंवा अमुक अटीवर सहमत, काहीही चालतं, कुठल्या बाजूला जास्त मार्क असं नसतं, पण जे घ्याल ते पहिल्या पॅऱ्यात सांगा आणि शेवटपर्यंत सोडू नका.

मुद्दा पुढे नेणं म्हणजे काय तेही तुमच्याच निबंधावरून दाखवते. तुम्ही लिहिलंय की बंदी घातली तर प्रदूषण कमी होईल, आरोग्य सुधारेल, पेट्रोल वाचेल, ट्रॅफिक कमी होईल. चार वाक्यांत चार मुद्दे आणि एकही पूर्ण नाही. यातला एकच घ्या, ट्रॅफिक. गाड्या कमी झाल्या की रस्ता मोकळा होतो, मोकळा झाला की बस वेळेवर येते, बस वेळेवर यायला लागली की ज्याला गाडी परवडते तोसुद्धा बसने जायला लागतो, म्हणजे बंदीचा फायदा गाडी नसलेल्यांना तर आहेच पण हळूहळू गाडीवाल्यांनाही मिळतो. याला एक अख्खा पॅरा लागेल, आणि तो तुमच्या बाकीच्या तीन मुद्द्यांपेक्षा जास्त मार्क मिळवून देईल. मग उदाहरण. लंडनमध्ये २००३ पासून शहराच्या मध्यभागी गाडी आणायला पैसे मोजावे लागतात, आपल्या माथेरानला तर दस्तुरीच्या पुढे गाडी नेताच येत नाही. माथेरान घेतलंत तर ते काय आहे हे अर्ध्या वाक्यात सांगा कारण वाचणाऱ्याला माहीत असेलच असं नाही, आणि डोंगरावरच्या छोट्या गावात जे जमतं ते मोठ्या शहरात जसंच्या तसं जमणार नाही हेही लिहा, तेवढ्यानेच मुद्दा एकदम वजनदार होतो.

आणि हो, 'एका युनिव्हर्सिटीच्या सर्व्हेनुसार ७३ टक्के लोक' वगैरे जे लिहिलंय ते काढा. असा सर्व्हे नाहीये हे तुम्हालाही माहितीये आणि वाचणाऱ्यालाही संशय येतो. प्रश्नपत्रिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं की स्वतःच्या माहितीतली किंवा अनुभवातली उदाहरणं द्या, तुमच्या जळगावच्या रस्त्यावरचं उदाहरण त्या खोट्या टक्केवारीपेक्षा कितीतरी बरं.

जाता जाता 'मोरओव्हर', 'फर्दरमोर', 'इन अ‍ॅडिशन' बद्दल. तुमच्या प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी यातलं एक आहे. वाक्यं जोडणारे शब्द यांत्रिकपणे टाकले जाणं ही ६ च्या वर्णनातलीच गोष्ट आहे. पहिल्या वाक्यातल्या गोष्टीबद्दलच दुसरं वाक्य बोलत असेल तर ती आपोआप जोडलेलीच असतात.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातल्या गावात मराठी मीडियममधून शिकलो, आता बीएससी अ‍ॅग्री झालंय. पुढे बाहेर शिकायचंय. वाचलेलं कळतं पण लिहायला बसलो की ग्रामरच्या चुका खूप होतात. ग्रामरचं पुस्तक पहिल्यापासून सुरू केलंय पण टेन्सच्या पुढे जातच नाहीये. तीन महिन्यांत होईल का?

पुस्तक पहिल्या पानापासून करू नकोस, त्याने कुणाचंच होत नाही, सगळ्यांची पुस्तकं टेन्सपर्यंतच मळलेली असतात. तुझ्या चुका शंभर प्रकारच्या वाटतात पण लिहून काढल्या तर सात-आठच प्रकार असतात, आणि मराठीतून विचार करणाऱ्या बहुतेकांचे ते सारखेच असतात.

पहिला, 'अ' आणि 'द'. आपल्या भाषेत हे प्रकरणच नाही त्यामुळे एक तर आपण ते गाळतो नाहीतर घाबरून सगळीकडे लावतो. सगळे नियम पाठ करण्यापेक्षा दोनच सवयी आधी लाव. मोजता येणारी एकच वस्तू असेल तर ती नुसती सोडायची नाही, तिच्या आधी 'अ', 'द', 'माय', 'धिस' असं काहीतरी आलंच पाहिजे. आणि सगळ्या जातीबद्दल बोलत असशील तर अनेकवचन घे आणि 'द' लावू नकोस, म्हणजे शेतकऱ्यांबद्दल एकूण बोलताना नुसतं 'फार्मर्स'. एवढ्याने बऱ्याच चुका गळतात.

दुसरा, ज्याला अनेकवचन नसतं त्याला आपण 'एस' लावतो. इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस, इक्विपमेंट, फर्निचर, रिसर्च, नॉलेज, यातल्या एकालाही 'एस' लागत नाही. हे सगळे शब्द टास्क टूमध्ये, म्हणजे निबंधात, हमखास येतात, एका कागदावर लिहून ठेव. तिसरा, 'डिस्कस अबाउट', 'एम्फसाइज ऑन' असले जोड, तिथे 'अबाउट' आणि 'ऑन' नकोच आहेत. चौथा, एकवचनी कर्ता आणि वर्तमानकाळ असला की क्रियापदाचा 'एस' विसरणं, म्हणजे 'गव्हर्नमेंट प्रोव्हाइड', हे तर लिहिता लिहिता माझ्याही डोळ्यासमोर रोज येतं.

पाचवा सगळ्यात महत्त्वाचा आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. आपण मराठीत एक वाक्य सुरू केलं की स्वल्पविराम देत देत, म्हणून, पण, आणि करत करत लांब जातो आणि ते वाईटही वाटत नाही, मी आत्ता इथे तेच करतेय. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यांमध्ये नुसता कॉमा टाकला की ती चूक धरतात. तिथे फुलस्टॉप दे किंवा 'बिकॉज', 'अल्दो', 'व्हिच' यातलं काहीतरी वापरून ती खरोखर जोड.

करायचं काय, तर आठवड्याला तीन निबंध लिही, कुणाकडून तरी तपासून घे, आणि प्रत्येक चूक एका वहीत प्रकारानुसार टाक. महिन्याभरात तुझ्या लक्षात येईल की अर्ध्याहून जास्त चुका दोन-तीन प्रकारच्याच आहेत. मग परीक्षेत शेवटची चार मिनिटं राखून फक्त त्या दोन-तीन चुका शोधायच्या, सगळं परत वाचत बसायचं नाही. ७ ला ग्रामर शून्य चुकांचं लागत नाही, बिनचुकीची वाक्यं वरचेवर दिसायला लागतात एवढंच. तीन महिन्यांत नेमका किती बँड येईल ते मी सांगू शकत नाही आणि जो क्लासवाला गॅरंटी देतोय त्याच्याकडे पैसे भरू नकोस.

प्रश्न : टास्क वनमध्ये ग्राफ दिलेला असतो त्यात मी सगळे आकडे लिहिते आणि कारणंही देते, उदा. सायकली कमी झाल्या कारण लोक श्रीमंत झाले. तरी मार्क कमी. १५० शब्दांत सगळे आकडे बसतही नाहीत. (नाशिक)

कारणं द्यायचीच नाहीत! जे ग्राफमध्ये आहे तेवढंच. लोक श्रीमंत झाले हे तुम्हाला ग्राफने सांगितलेलं नाही.

आणि सगळे आकडे लिहायचे नसतात हीच तर परीक्षा आहे, प्रश्नातच म्हटलेलं असतं की मुख्य गोष्टी निवडा आणि गरज असेल तिथे तुलना करा. एक काल्पनिक ग्राफ घेऊ. एका शहरात लोक कामावर कसे जातात, १९९० आणि २०२०. बस ४० टक्क्यांवरून २५, कार २० वरून ४५, सायकल ३० वरून १०, ट्रेन १० वरून २०. आता पेन उचलण्याआधी अर्धा मिनिट नुसतं बघा, आकडे विसरून. दोन गोष्टी वाढल्या, दोन कमी झाल्या. आधी बस पहिली होती, शेवटी कार. झालं, हाच तुमचा ओव्हरव्ह्यू, एकही आकडा न टाकता दोन वाक्यं, आणि तो सुरुवातीच्या वाक्यानंतर लगेच लिहून टाका म्हणजे राहून जात नाही. ओव्हरव्ह्यू स्पष्ट नसेल तर या टास्कमध्ये ५ च्या वर जाणं अवघड होतं, बाकी इंग्रजी कितीही छान असलं तरी. मग एका पॅऱ्यात वाढलेल्या दोन, दुसऱ्यात घटलेल्या दोन, आकडे तिथे, आणि कार दुपटीहून जास्त झाली, सायकल एक तृतीयांशावर आली अशी तुलना.

मॅप आला तर आधी काय होतं आणि काय नवीन आलं, प्रोसेस आली तर पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत, आणि तिथे बहुतेक वाक्यं पॅसिव्हमध्ये येतात. मत कुठेच नाही. वेळ २० मिनिटांच्या वर नको, कारण टास्क टूला दुप्पट वजन आहे, आणि साठ मिनिटं दोन्हीची मिळून असतात, कुणी घंटा वाजवून आता दुसरा सुरू करा असं सांगत नाही. आधी टास्क टू लिहिलं तरी चालतं. मी तर जे ग्राफवर पस्तीस मिनिटं घालवतात त्यांना तसंच करायला सांगते.

प्रश्न : मी स्टाफ नर्स आहे, मिरजेला. यूकेला जायचंय. एजंट म्हणतो ओईटी (मेडिकलवाल्यांची इंग्रजीची परीक्षा) द्या सोपी असते, मैत्रीण म्हणते आयल्ट्सच द्या. रायटिंगची भीती वाटते कारण निबंध बारावीनंतर लिहिलाच नाही.

सिस्टर, यूकेच्या एनएमसीला, म्हणजे नर्सची नोंदणी करणाऱ्या कौन्सिलला, दोन्ही चालतात. आयल्ट्स अ‍ॅकॅडेमिकमध्ये लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५ लागतात, रायटिंगलाही ७ होता तो २०१८ च्या शेवटी खाली आणला. ओईटीमध्ये बाकी तिन्हींना बी ग्रेड आणि रायटिंगला सी प्लस. दोन्हीकडे रायटिंगलाच थोडी सूट आहे यावरून भीती फक्त तुम्हाला नाही हे लक्षात येईल.

सोपी कुठली असं मी म्हणणार नाही पण तुमच्यासाठी कुठली जवळची ते सांगू शकते. ओईटीच्या रायटिंगमध्ये निबंध नसतो. पेशंटच्या केस नोट्स देतात आणि त्यावरून एक पत्र लिहायचं, बहुतेक वेळा रेफरल किंवा डिस्चार्जचं, साधारण १८० ते २०० शब्दांचं. एकूण ४५ मिनिटं, त्यातली पहिली ५ फक्त वाचायची, तेव्हा पेन लावायचा नाही. ड्यूटी संपताना तुम्ही पुढच्या सिस्टरला हँडओव्हर देता तेव्हा जे करता तेच इथे कागदावर करायचंय. पुढचीला काय माहीत असायला हवं तेवढंच सांगता ना, सगळी फाइल वाचून दाखवत नाही.

नेमकं इथेच लोक मार्क घालवतात, सगळ्या नोट्स ओळीने उतरवून काढतात. पत्र कुणाला जातंय ते आधी बघायचं. घरी जाऊन ड्रेसिंग करणाऱ्या कम्युनिटी नर्सला लिहिताना पेशंटची दहा वर्षांपूर्वीची अपेंडिक्सची सर्जरी नको असते, पण तो एकटा राहतो आणि जिना चढता येत नाही हे हवं असतं. डायटिशियनला लिहिताना उलट होईल. आणि पत्र कशासाठी लिहिलंय ते पहिल्याच पॅऱ्यात यायला हवं, शेवटच्या ओळीत नाही. पर्पज म्हणून त्याला वेगळे मार्क असतात. वॉर्डातले शॉर्टफॉर्म सगळेच चालत नाहीत, वाचणारा जर मेडिकलमधला नसेल तर पूर्ण शब्द लिहा.

एजंटला मात्र एक विचारा, तो ओईटीच का म्हणतोय. फी आयल्ट्सपेक्षा बरीच जास्त आहे. कधी कधी कारण खरंच तुमच्या भल्याचं असतं आणि कधी त्याचा स्वतःचा ओईटी क्लास असतो.

प्रश्न : मी आणि मिस्टर दोघं कॅनडा पीआरसाठी, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, आयल्ट्सचा जनरल ट्रेनिंग हा प्रकार देतोय (ठाणे). जनरलचं रायटिंग सोपं असतं म्हणून आम्ही तयारीच केली नाही, मॉकमध्ये दोघांना साडेपाच. दोघांची टास्क वनची पत्रं सोबत आहेत, त्यात काय चुकत असेल?

जनरल सोपं ही अफवा कुणी पसरवली देव जाणे. टास्क टू इथेही निबंधच असतो आणि तपासणी त्याच चार गोष्टींवर होते. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे पीआरच्या पॉइंटच्या पद्धतीत, चांगले पॉइंट मिळवायला लोक सीएलबी ९ या कॅनडाच्या भाषा-पातळीच्या मागे असतात, त्याला लिसनिंग ८ आणि बाकी तिन्ही ७ लागतात, म्हणजे रायटिंगला सातच.

पत्राचं म्हणाल तर मिस्टरांच्या पत्राची पहिली ओळ वाचून मला शाळेतल्या रजेच्या अर्जाची आठवण झाली, 'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट'. घरमालकाला हीटर बिघडलाय हे सांगायला भीक कशाला मागायची. 'काइंडली डू द नीडफुल' सुद्धा सरकारी ऑफिसातच राहू द्या. साधं 'डिअर मिस्टर अमुक' आणि पुढच्या ओळीत थेट काम. पत्ता, तारीख, विषय काही लिहायचं नाही, पत्ता नको हे प्रश्नातच दिलेलं असतं.

तुमच्या पत्रात वेगळं झालंय. मैत्रिणीला लिहायचं होतं, आणि तुम्ही तिला 'आय वुड लाइक टू एक्स्प्रेस माय सिन्सिअर ग्रॅटिट्यूड' म्हणताय. कुठली मैत्रीण असं बोलते? तिला 'थँक्स अ लॉट' म्हणा, 'आय अ‍ॅम' चं 'आय'म' करा, चालतं. उलट मॅनेजरला किंवा कौन्सिलला लिहिताना ते करू नका. टोन मध्येच बदलला तर मार्क जातात. आणि प्रश्नात तीन मुद्दे दिलेले असतात, तुम्ही दोन भरभरून लिहिलेत आणि तिसरा, म्हणजे तिला कधी भेटणार ते, सुटूनच गेलाय. तिन्ही मुद्दे हवेतच, प्रत्येकाला तीन-चार वाक्यं दिली तरी १५० सहज होतात.

प्रश्न : माझ्या मुलाची टायपिंग स्पीड बरी आहे पण सवय मोबाइलवर. कॉम्प्युटरवर द्यावी की कागदावर? आणि तो निबंध एआयकडून तपासून घेतो ते योग्य आहे का? (कोल्हापूर)

प्रश्न तेच, तपासणीही तीच, त्यामुळे सवय बघा. कॉम्प्युटरवर शब्द किती झाले ते खाली दिसत राहतं आणि पॅरा वर-खाली हलवता येतो, हे मोठे फायदे आहेत, अक्षर वाचता येईल का ही काळजी जाते. पण स्पेलिंग कुणी दुरुस्त करत नाही, लाल रेघही येत नाही, आणि मोबाइलवाल्यांचं तिथेच पितळ उघडं पडतं. त्याला आतापासून कीबोर्डवर, ऑटोकरेक्ट बंद करून, घड्याळ लावून लिहायला सांगा. ब्रिटिश स्पेलिंग की अमेरिकन याची चिंता नको, दोन्ही चालतात, फक्त एकात दोन मिसळू नका. टास्क टूचे शब्द २५० च्या खाली नकोत, पण चारशेही नकोत, २७० ते ३०० मध्ये विचार नीट मांडता येतो आणि जितकं जास्त लिहाल तितक्या चुकाही वाढतात.

एआयचं म्हणाल तर तो देतो तो बँड मनावर घेऊ नका, तोच निबंध परत टाकला की आकडा बदलतो हे मुलाला करून बघायला सांगा. माझा आक्षेप दुसऱ्याच गोष्टीला आहे, मुलं निबंध टाकतात आणि म्हणतात 'हा बँड ९ चा करून दे', मग तो गुळगुळीत निबंध वाचून आपल्याला येतंय असं वाटायला लागतं. त्याऐवजी म्हणायचं की दुरुस्त करू नकोस, फक्त चुका कुठल्या ओळीत आहेत ते दाखव, आणि मग दुरुस्ती स्वतः करायची. माझं उत्तर प्रश्नाला धरून आहे का आणि कुठला मुद्दा अर्धवट राहिलाय, हे विचारायलाही तो कामाचा आहे.

प्रश्न : लिसनिंग ८, रीडिंग ७.५, रायटिंग ६, स्पीकिंग ६.५. ओव्हरऑल ७ आलाय पण युनिव्हर्सिटीला प्रत्येकात किमान ६.५ पाहिजे. रिचेकिंग करू की परत देऊ? (पुणे)

दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ईओआर, तुमचा पेपर दुसरा सीनिअर एक्झामिनर पुन्हा तपासतो. परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांत अर्ज करावा लागतो, फक्त रायटिंगसाठीही करता येतो, आणि बँड बदलला तर फी परत मिळते. दुसरा, परीक्षा कॉम्प्युटरवर दिली असेल तर वन स्किल रीटेक, म्हणजे चारातली एकच परीक्षा परत, मूळ तारखेपासून ६० दिवसांच्या आत, आणि ती एकदाच. आधीच्या तीन बँडसह नवीन रिझल्ट मिळतो.

तुमचं अर्ध्या बँडचंच आहे. टास्क टू पूर्ण झालं होतं, शब्द पुरेसे होते, प्रश्न नीट कळला होता असं तुम्हाला प्रामाणिकपणे वाटत असेल तर ईओआर करायला हरकत नाही. पण शेवटचा पॅरा राहून गेला होता किंवा घाईत भलत्याच प्रश्नाचं उत्तर लिहिलं होतं तर ते पैसे घालवू नका, तीन आठवडे तयारी करून रीटेक द्या. मात्र रीटेकचा रिझल्ट सगळीकडे चालत नाही, त्यामुळे फी भरण्याआधी युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला मेल करून लेखी विचारा. ईओआरचं उत्तर यायला तीन आठवड्यांपर्यंत लागू शकतात, तुमची अर्जाची शेवटची तारीख त्याच्या आत येत असेल तर त्याच मेलमध्ये मुदतवाढ मिळेल का तेही विचारून घ्या, काही ठिकाणी कंडिशनल ऑफर देऊन नंतर स्कोर पाठवायला वेळ देतात.